चाळिशीतील हळहळ

चाळिशी उलटली म्हणजे मनुष्य गमावलेल्या संधींचा हिशेब मांडू लागतो. मात्र हातची सुटलेली संधी आणि मुळीच नसलेली संधी, ह्या दोन्ही तो एकाच रकान्यात लिहितो. आमच्या वाटूरचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९१८ साली हैदराबादेस निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात त्या काळी शिक्षण उर्दूतून मिळे. घरी मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलास ते कसे साधावे? जवळच्या औरंगाबादेस विद्यापीठ निघाले ते १९५८ मध्ये. त्या वर्षी चाळिशीत असलेला गृहस्थ ‘आपण शिकलो नाही’ म्हणून स्वतःस दोष देई, तेव्हा तो राज्यकर्त्यांची बाकी आपल्या नावे मांडीत असे.

अशा वेळी महर्षी कर्व्यांचा दाखला देण्याची आपल्याकडे रीत आहे. १८७५ साली मुरुडहून साताऱ्यास पायी गेलेल्या धोंडोपंतांना, वयाने लहान दिसतात म्हणून, परीक्षेस बसू दिले नाही. मॅट्रिक होईतो त्यांना २३ वे वर्ष लागले, आणि महिला विद्यापीठ काढले ते १९१६ मध्ये, ५८ व्या वर्षी. दाखला थोरच, पण तो देऊन कोणास लाजवू नये. कर्व्यांना पुढे पुन्हा परीक्षा देता आली. आमच्या त्या गृहस्थास त्याच्या भाषेतील परीक्षाच नव्हती.