फित्रा: आकडे दोन का?

रमजान संपत आला की वर्गात हमखास प्रश्न येतो, ‘सर, एका मशिदीत फित्रा 1 किलो 633 ग्रॅम गहू सांगतात, दुसरीकडे 2 किलो 45 ग्रॅम. खरं कोणतं?’

मूळ हिशेब किलोचा नाहीच. हनफी मसलकात गव्हाचा अर्धा साअ, आणि साअ म्हणजे बारामती-इंदापूरकडच्या पायलीसारखं भरायचं माप. त्याच मापात जव भरले तर गव्हापेक्षा हलके भरतात. म्हणून उलमांचे किलोतले हिशेब वेगळे आले. आपल्या मशिदीतला आकडा धरा.

पीठ देणार असाल तर मात्र वाटीवर जाऊ नका. ज्या वाटीत 200 ग्रॅम गहू मावतात, तिच्यात न दाबलेलं पीठ 150 ग्रॅमही भरत नाही. गरिबाला तेवढं कमी जातं. किराणावाल्याच्या काट्यावरच तोलून घ्या.