खारे पाणी आणि झाडांचा मर रोग



अलीशा संदेष्ट्याने यरीहोच्या झऱ्यात मीठ टाकून वाईट पाणी निरोगी केले, ही बायबलमधील कथा आपल्या परिचयाची आहे. तो देवाचा चमत्कार होता. शेतीचा सल्ला नव्हे. हे मुद्दाम सांगावे लागते, कारण “मिठाने बुरशी मरते, तेव्हा बोअरचे पाणी थोडे खारे असले तर बरेच,” असे आमच्याजवळ काहीजण बोलतात. या समजुतीपायी बागा जातात आणि औषधांच्या दुकानात उधारी वाढते.

लोणचे मिठामुळे टिकते हे खरे. पण लोणच्यात मीठ भरपूर असते. बोअरच्या पाण्यातील मीठ त्या मानाने फारच थोडे. तेवढ्याने जमिनीतील बुरशी मरत नाही. झाडाचे मूळ मात्र अशक्त होते. खाऱ्या मातीतून पाणी ओढून घेण्यास मुळाला जास्त कष्ट पडतात. कोवळी टोके करपतात, त्यांतून रस पाझरतो आणि त्या रसाच्या मागावर बुरशी आत शिरते. शिवाय पाण्यातील सोडियममुळे काळी जमीन घट्ट होते, पाणी साचून राहते, आणि मूळकुज करणाऱ्या ‘फायटोफ्थोरा’चे बीजाणू तर साचलेल्या पाण्यातच पोहतात.

कॅलिफोर्नियात १९८६ साली लिंबूवर्गीय झाडांवर झालेल्या अभ्यासात खारेपणामुळे ही मूळकुज वाढल्याचे दिसले. इस्राएलमध्ये २००५ साली टोमॅटोच्या खोड-मूळकुजीबाबत तसेच आढळले. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. त्या पवित्र भूमीतील जैतुनाच्या बागांनाही आज अनेक ठिकाणी खारे पाणी द्यावे लागते, आणि तेथील शेतकऱ्याला ‘व्हर्टिसिलियम’ या मर रोगाची धास्ती असते. ही बुरशी जमिनीत कित्येक वर्षे दबा धरून राहते. आपल्याकडे जैतून नाही, पण वांगे आणि कापूस याच बुरशीला बळी पडतात.

आपल्या सुरत जिल्ह्यात खारेपणा दोन वाटांनी येतो. ओलपाड, चोर्यासीकडे भरतीचे पाणी खाड्यांतून आत शिरते. दुसरी वाट कालव्याची. १९७२ साली उकाई धरण झाले, ऊस आणि भात पिकले; पण जेथे पाणी अति दिले आणि निचरा केला नाही, तेथे खालचे क्षार वर आले. वसईच्या आपल्या धर्मबंधूंचा अनुभवही डोळ्यांसमोर ठेवावा. टँकरसाठी विहिरींचा बेसुमार उपसा झाला, पावसाचे गोडे पाणी साठवणारी बावखले बुजवली गेली आणि केळी-पानवेलीच्या वाड्यांतील विहिरी खाऱ्या होऊ लागल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी त्याविरुद्ध लोकांना जागे केले.

आता करावे काय? प्रथम रोग ओळखावा. शेतभर जुन्या पानांच्या कडा करपल्या असतील, तर संशय मिठाचा. एखादेच झाड किंवा त्याची एकच बाजू सुकत असेल, तर संशय बुरशीचा. मूळ उकरून पाहावे. निरोगी मूळ पांढरे व टणक असते; कुजलेल्याची साल हाताने निघून येते.

पाण्याची तपासणी मे महिन्यात करावी, तेव्हा खारेपणा अधिक असतो. पंप अर्धा तास चालवून, त्याच पाण्याने तीनदा विसळलेल्या बाटलीत नमुना घ्यावा आणि कृषी विज्ञान केंद्राकडे चौकशी करावी. कांद्याचे उत्पन्न मातीची क्षारता १.२ डेसिसायमनच्या वर गेली की घटू लागते, कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. म्हणून पीक पाणी पाहूनच निवडावे.

कालव्याचे गोडे पाणी रोपांसाठी राखावे. निचऱ्याचे चर पावसाळ्यापूर्वी मोकळे करावेत. खारे पाणी पानांवर फवारू नये. ठिबक असल्यास पहिल्या हलक्या सरीला ते बंद करू नये, कारण ओलाव्याच्या कडेला साठलेले मीठ त्या पावसाने मुळांकडे उतरते. शेणखतात ‘ट्रायकोडर्मा’ मिसळून द्यावे. जिप्सम माती तपासल्यावाचून टाकू नये.

जाता जाता आरोग्याचे. जे पाणी झाडाला बाधते ते माणसालाही चांगले नाही. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरेसे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. रक्तदाब असलेल्यांनी खाऱ्या बोअरचे पाणी पिण्यास वापरू नये.

पर्वत पाटियात राहून गावी शेती करणाऱ्यांनी या सुट्टीत गावी जाताना एक स्वच्छ बाटली बरोबर न्यावी. औषधाच्या एका डब्याआधी पाण्याची एक तपासणी, एवढा नेम धरला तरी पुष्कळ कर्ज टळेल. देवाने दिलेली जमीन मुलांच्या हाती गोडी द्यावी, हीही एक सेवाच आहे.