विषाला न जुमानणारी अळी

प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू हा वैद्यकशास्त्रापुढील बिकट प्रश्न आहे. परंतु विषाच्या माऱ्यातून जे थोडे जीव वाचतात त्यांचीच संतती पुढे वाढत जाते, हा त्यामागील नियम रुग्णालयापुरता मर्यादित नाही, आणि यवतमाळ जिल्ह्याने तो कपाशीच्या शेतात अनुभवला आहे. गुलाबी बोंडअळी बीटी बियाण्याला कशी पुरून उरली याचा उलगडा करणाऱ्यांत नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

क्रांती यांचे संशोधन बीटीच्या आगमनापूर्वीपासूनचे आहे. पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके अमेरिकन बोंडअळीवर निष्प्रभ होत चालली असताना, देशाच्या निरनिराळ्या भागांतून अळ्या गोळा करून, त्यांना विषाच्या मोजलेल्या मात्रा देऊन, प्रतिकार किती वाढला आहे हे ते व त्यांचे सहकारी तपासत होते.

मार्च २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मातीतील जिवाणू. त्याचे एक विषारी प्रथिन तयार करणारे जनुक कपाशीत घातलेले असते. अळीने पान किंवा बोंड कुरतडले की हे प्रथिन तिच्या अल्कधर्मी आतड्यात विरघळते, तेथील पाचकरसांनी कार्यक्षम होते आणि आतड्याच्या अस्तरातील पेशींवर असलेल्या कॅडहेरिनसारख्या ग्राहक-प्रथिनांना चिकटते. त्यानंतर पेशींच्या आवरणाला छिद्रे पडून त्या फुटतात, अळीचे खाणे थांबते व ती मरते. या साखळीतील ग्राहक-प्रथिन बदलले, तर विष पोटात असूनही पेशीला धरू शकत नाही.

हे विष झाडात सर्वत्र व सर्वकाळ सारखे नसते, हे क्रांती व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवून दिले. पेरणीनंतर सुमारे ११० दिवसांनी त्याचे प्रमाण अमेरिकन बोंडअळी मारण्यास अपुरे ठरते आणि अळी जेथे प्रत्यक्ष शिरते त्या पात्या व बोंडांच्या सालीत ते पानांपेक्षा कमी असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. या कामाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेले नाही, असे म्हणावे लागते. कारण अर्धवट प्रतिकार असलेले जीव अपुऱ्या मात्रेतच तगतात. त्यात भारतातील बीटी वाण प्रामुख्याने संकरित असल्याने एकाच बोंडातील काही सरक्यांत विष असते तर काहींत नसते, आणि सरकी हेच तर गुलाबी अळीचे मुख्य खाद्य आहे. बीटीभोवती साध्या कपाशीचा आश्रयपट्टा लावल्यास तेथील संवेदनक्षम पतंगांशी प्रतिकारक्षम पतंगांचा संकर होऊन प्रतिकार पसरण्यास विलंब लागतो. हे पट्टे मात्र फारसे लावले गेले नाहीत, आणि फरदड ठेवण्याच्या, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक शेतात राखण्याच्या, प्रथेने अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळत राहिले.

पहिल्या प्रथिनाविरुद्धचा प्रतिकार गुजरातमध्ये आढळल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. भारतातील अशा अळ्यांत कॅडहेरिनच्या जनुकापासून सदोष संदेश निरनिराळ्या प्रकारे तयार होतात, हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने स्पष्ट केले. २००६ पासून आलेल्या दोन प्रथिनांच्या बियाण्यानेही पुढे हात टेकले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील बोंडे आतून पोखरलेली निघाली.

त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात, उंच व दाट वाढलेल्या पऱ्हाटीत, संरक्षक साधनांविना, अनेकदा दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजूर विषबाधित झाले आणि सुमारे वीस जण दगावले. त्या मृत्यूंचे कारण एकट्या बोंडअळीवर टाकता येणार नाही, कारण शेतात इतर किडीही होत्या. परंतु बियाण्यातील संरक्षण ढासळले की फवारणीचा भार पुन्हा मजुराच्या पाठीवरील पंपावर येतो, हे नाकारता येत नाही.

क्रांती यांनी सातत्याने मांडलेला उपाय बियाण्यात तिसरे प्रथिन घालण्याचा नव्हता. कमी कालावधीत येणारे सरळ (संकरित नसलेले) वाण दाट लावावेत, म्हणजे बोंडे लवकर भरून अळीच्या शेवटच्या पिढ्यांना खाद्यच उरणार नाही, हा त्यांचा आग्रह होता. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली फुले) वेचून नष्ट करणे, कामगंध सापळ्यांतील पतंग मोजून मगच फवारणीचा निर्णय घेणे आणि वेचणी आटोपताच पऱ्हाटी उपटणे ही कामे त्याला जोडून येतात. अमेरिकेत बीटी कपाशी, वंध्य पतंग सोडणे आणि पीक वेळेवर काढणे यांची सांगड घालून ही कीड २०१८ मध्ये कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर करण्यात आले. तेथेही बीटी हे त्या योजनेचे एक अंग होते.