नोकरी सोडून स्वतंत्र डिझाइन स्टुडिओ : हक्क कोणाचे, पैसे केव्हा?

मोठ्या कंपनीच्या डिझाइन विभागातील नोकरी सोडून स्वतःचा स्टुडिओ सुरू करण्याचा निर्णय बहुधा कलात्मक स्वातंत्र्याच्या ओढीने घेतला जातो. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षी अशा डिझायनरची गाठ पडते ती दोन कागदांशी. तयार केलेल्या कामाची मालकी कोणाची, हे ठरवणारा करार हा पहिला कागद. त्या कामाचा मोबदला केव्हा मिळणार, हे ठरवणारे देयक हा दुसरा. या दोन्हींबाबत भारतीय कायद्यात स्पष्ट तरतुदी आहेत. त्यांतील काही डिझायनरच्या बाजूच्या असून नेमक्या त्याच अनेकदा दुर्लक्षित राहतात.

स्वतंत्र स्टुडिओंची परंपरा भारतात नवी नाही. अहमदाबाद येथे 1961 मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबईतील पवईच्या आयआयटीत 1969 मध्ये औद्योगिक डिझाइन केंद्र स्थापन झाले. पुढे 1989 मध्ये पुण्यात एलिफंट डिझाइन आणि बंगळुरू येथे रे अँड केशवन हे स्टुडिओ उभे राहिले. टायटन कंपनीच्या डिझाइन विभागातून बाहेर पडलेल्या मायकल फोली यांनी बंगळुरूमध्ये फोली डिझाइन्स सुरू केला. दिल्लीतील 2010 च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेसाठीची क्वीन्स बॅटन याच स्टुडिओने घडवली आणि त्या कामात टायटनही सहभागी होती. परदेशातील सर्वात गाजलेले उदाहरण जोनाथन आइव्ह यांचे. जून 2019 मध्ये त्यांनी अ‍ॅपल सोडत असल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांच्या लव्हफ्रॉम या नव्या संस्थेची पहिली ग्राहक अ‍ॅपलच असेल, असेही सांगण्यात आले. हे व्यावसायिक नाते 2022 पर्यंत टिकले. जुन्या मालकाशी संबंध न बिघडवता बाहेर पडण्याचे मोल या दोन्ही उदाहरणांतून दिसते. सर्वसामान्य डिझायनरच्या बाबतीत तर पहिले काम बहुतेकदा जुन्या ओळखीतूनच येते.

मात्र बाहेर पडताना मागे काय राहते, हे आधी समजून घ्यावे लागते. प्रताधिकार कायदा, 1957 अर्थात कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. वेगळा करार असेल तरच याला अपवाद होतो. म्हणजेच दहा वर्षे रेखाटलेली बोधचिन्हे, वेष्टने आणि पडद्यावरील मांडणी यांवर कंपनीचा हक्क असतो. त्यांतील एखादी रचना नव्या ग्राहकासाठी पुन्हा वापरणे हे प्रताधिकाराचे उल्लंघन ठरू शकते. तथापि, याच कायद्यातील कलम 57 कर्त्याला एक स्वतंत्र अधिकार देते. प्रताधिकार दुसऱ्याकडे असला तरी ‘हे काम माझे आहे’ असे सांगण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. परंतु कर्तेपण सांगणे वेगळे आणि त्या कामाच्या प्रतिमा प्रसिद्ध करणे वेगळे. विशेषतः बाजारात न आलेले काम गोपनीयतेच्या कराराने बांधलेले असते. त्यामुळे कोणते काम नमुन्यादाखल दाखवता येईल, याची लेखी परवानगी राजीनाम्याच्या वेळीच घेणे इष्ट. नंतर ती देणारा अधिकारी त्या जागी असेलच असे नाही.

स्टुडिओ सुरू झाल्यावर मालकीचे हे गणित पालटते, पण सर्व कामांसाठी सारखे नाही. छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवकाम किंवा चित्रपट मोबदला देऊन करवून घेतल्यास, अन्यथा करार नसेल तर, पहिला हक्क ते करवून घेणाऱ्याचा असतो. बोधचिन्ह किंवा अक्षररचना या यादीत नाही. स्वतंत्र डिझायनरने केलेल्या अशा कामाचा प्रताधिकार मुळात त्याच्याकडेच राहतो आणि कलम 19 नुसार स्वाक्षरीसह लेखी हस्तांतरण केल्याशिवाय तो कायद्याने ग्राहकाकडे जात नाही. हस्तांतरणाच्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश नमूद नसेल तर तो भारतापुरता मानला जातो.

खुर्ची, घड्याळ किंवा पाण्याची बाटली यांसारख्या वस्तूंच्या बाबतीत मात्र नेमके उलट आहे. डिझाइन कायदा, 2000 नुसार मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी केलेल्या डिझाइनचा मालक, ज्याच्यासाठी ते केले तोच असतो. शिवाय नोंदणीसाठी डिझाइन नवे असावे लागते; अर्ज करण्यापूर्वी ते कोठेही प्रसिद्ध झालेले चालत नाही. उत्साहाच्या भरात समाजमाध्यमावर टाकलेले एक चित्रही ही अट मोडण्यास पुरेसे ठरू शकते. नोंदणीयोग्य डिझाइनची नोंदणीच केली नाही, तर वस्तूच्या पन्नासहून अधिक प्रती यांत्रिक पद्धतीने निघताच त्यावरील प्रताधिकारही संपुष्टात येतो. नोंदणी झाल्यास दहा वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते.

‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षे स्पर्धक व्यवसाय करणार नाही’ अशा कलमाची धास्ती अनेकांना असते. भारतीय करार कायदा, 1872 मधील कलम 27 अन्वये व्यवसायास प्रतिबंध करणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो, आणि नोकरीनंतरच्या काळासाठी घातलेली बंदी न्यायालये सहसा मान्य करत नाहीत. नोकरीत असताना घातलेली बंदी मात्र वैध ठरते, आणि गोपनीयतेचे बंधन नोकरी संपल्यावरही सुटत नाही. सायंकाळी घरी बसून खासगी कामे घेत घेत स्टुडिओ उभारण्याचा प्रचलित मार्ग म्हणूनच वाटतो तितका निर्धोक नाही.

आता पैशांकडे. स्टुडिओ बंद पडतो तो काम नसल्यामुळेच असे नाही; केलेल्या कामाचे पैसे वेळेवर न आल्यानेही पडतो. उदाहरणार्थ, वस्तू व सेवा कराची नोंदणी असलेल्या स्टुडिओने दोन लाख रुपयांचे देयक दिले, तर त्यावर 18 टक्के दराने 36 हजार रुपये कर होतो. हा कर साधारणपणे पुढील महिन्यात सरकारजमा करावा लागतो, मग ग्राहकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. ग्राहक तीन महिन्यांनी पैसे देणार असेल, तर मधल्या काळात 36 हजारांचा भार स्टुडिओवर पडतो. व्यावसायिक शुल्कातून सामान्यतः दहा टक्के प्राप्तिकरही आधीच कापला जातो. सेवा व्यवसायाला नोंदणीची सक्ती सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल 20 लाख रुपयांच्या पुढे गेल्यावर होते, त्यामुळे सुरुवातीला हा प्रश्न टळू शकतो. मात्र मोठ्या कंपन्या पुष्कळदा नोंदणीकृत पुरवठादारच पसंत करतात.

विलंबाविरुद्ध कायद्याने दिलेले साधन म्हणजे सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, 2006. सूक्ष्म वा लघु उद्योगाला मान्य मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांच्या आत, पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. मुदतीचा लेखी करार नसेल तर ही मर्यादा 15 दिवसांची आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या प्राप्तिकर तरतुदीनुसार, मुदतीत न चुकवलेली अशी रक्कम खरेदीदाराला प्रत्यक्ष चुकवल्याच्या वर्षीच खर्चात दाखवता येते. मोठ्या कंपन्यांच्या लेखा विभागांवर व्याजापेक्षा याच तरतुदीचा धाक अधिक असतो.

या संरक्षणासाठी जुलै 2020 पासून सुरू झालेली ‘उद्यम’ नोंदणी करावी लागते. ती आधार आणि पॅनच्या आधारे ऑनलाइन होते व पूर्णपणे विनामूल्य आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना थारा देण्याचे कारण नाही. पहिला करार करण्यापूर्वीच ही नोंदणी करणे महत्त्वाचे आहे. नोंदणीपूर्वीच्या पुरवठ्याला तिचा लाभ मागाहून मिळत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये दिला होता. 2025 मध्ये नोंदणीच्या वेळेचा मुद्दा मोठ्या पीठाकडे सोपवण्यात आला.

तरीही स्वतःच्या ग्राहकाविरुद्ध तक्रार करण्यास नवा व्यावसायिक सहसा धजावत नाही. अशा वेळी सुरुवातीचे दोन कागद एकत्र बांधणे अधिक उपयुक्त ठरते. ठरलेल्या रकमेचा काही भाग आगाऊ घेणे, उर्वरित रक्कम कामाच्या टप्प्यांशी जोडणे आणि ‘अखेरचा हप्ता मिळाल्यावरच प्रताधिकाराचे हस्तांतरण होईल’ असे कलम करारात घालणे, हा त्याचा मार्ग. बोधचिन्ह वापरण्याची घाई ग्राहकाला असते आणि त्यावरील हक्क तोवर डिझायनरकडे असतो. त्यामुळे थकबाकीसाठी वारंवार दूरध्वनी करण्यापेक्षा हे एक वाक्य अधिक परिणामकारक ठरते. वस्तूंच्या डिझाइनमध्ये मालकी मुळातच ग्राहकाकडे जात असल्याने तेथे असे कलम पहिल्या रेखाटनाच्या आधीच लेखी मान्य करून घ्यावे लागते.