नव्या लॅपटॉपवर जुने गेम: अडतं नेमकं कुठे?

गेम जितका जुना, तितका तो नव्या लॅपटॉपवर चालवणं कठीण, असा सर्वसाधारण समज आहे. पुरावा उलट दिसतो. जॉर्डन मेक्नर यांचा 1989 चा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' घ्या. डॉस या जुन्या कार्यप्रणालीवरची त्याची आवृत्ती आजच्या लॅपटॉपवर काही मिनिटांत सुरू करता येते. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांनी रीतसर पैसे मोजून घेतलेल्या कित्येक सीडी मात्र त्याच लॅपटॉपवर निरुपयोगी ठरतात. यंत्रं बदलली म्हणून गेम मेले, हे कारण मला म्हणूनच अपुरं वाटतं. गेम मारले ते मुख्यतः विकणाऱ्यांनी त्यांना घातलेल्या कुलपांनी.

डॉसचा गेम म्हणजे बहुधा एकच फोल्डर. प्रोग्रॅम, चित्रं, आवाज, सेव्ह फाइल्स, सगळं त्यातच असतं, त्यामुळे फोल्डर पेनड्राइव्हवर घेतला की गेम आला. पुढच्या अडचणी खऱ्या आहेत: 64-बिट विंडोज 16-बिट प्रोग्रॅम चालवत नाही, आणि काही गेमची गती थेट प्रोसेसरच्या वेगाला बांधलेली असल्याने नव्या यंत्रावर ते खेळता येऊ नयेत इतके सुसाट पळतात. पण 2002 मध्ये आलेल्या डॉसबॉक्सने दोन्ही सोडवल्या. तो लॅपटॉपच्या आत जुना पीसीच उभा करतो, त्याचा प्रोसेसर, साउंड कार्ड आणि मंद वेग यांसकट. त्याच्या एक वर्ष आधीच्या स्कमव्हीएमने वेगळी वाट धरली: मूळ गेममधली चित्रं-संवादांची माहिती घ्यायची आणि ती चालवणारा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. ही कामं प्रामुख्याने हौशी प्रोग्रॅमरांनी केली आणि फुकट वाटली. जुन्या पीसीची रचना अभ्यासायला खुली होती, म्हणून ती होऊ शकली.

विंडोज 95 नंतर गेम विखुरला. काही नोंदी रजिस्ट्रीत, सेव्ह फाइल्स कधी डॉक्युमेंट्समध्ये, कधी लपवलेल्या ॲपडेटा फोल्डरात. नुसता फोल्डर उचलून भागत नाही. कधी गेम 32-बिट असतो, पण त्याचा इन्स्टॉलर 16-बिट असतो; मग चालू शकणारा गेम बसवताच येत नाही. तरी हेही चिकाटीने सुटतं.

सेफडिस्कसारख्या कॉपीविरोधी व्यवस्थांचं तसं नाही. सीडी अस्सल आहे का, हे तपासण्यासाठी सेफडिस्क विंडोजच्या गाभ्यात स्वतःचा ड्रायव्हर चालवायची. 2015 मध्ये आलेल्या विंडोज 10 ने तो ड्रायव्हर नाकारला, आणि त्याच वर्षी सुरक्षेच्या अपडेटने आधीच्या विंडोजवरही तो बंद पाडला. मायक्रोसॉफ्टचा निर्णय बरोबरच होता, कारण त्या ड्रायव्हरमधून संगणकात शिरकाव होऊ शकत होता. पण शिक्षा झाली ती अस्सल सीडी घेणाऱ्याला. कुलूप काढून टाकलेली चोरटी प्रत आधीसारखीच चालत राहिली.

कुलूप नसतं तर चोरी वाढली असती, हा आक्षेप हलका नाही. गेम नवा असताना, विक्री जोरात असताना, तो मला मान्यही आहे. पण वीस वर्षांनी, दुकानात न मिळणाऱ्या गेमचं कुलूप कोणाचं उत्पन्न राखतं? दुसरा आक्षेप असा, की कंपन्या जुने गेम पुन्हा बाजारात आणतातच. काही आणतात, आणि 2008 पासून जीओजी या ऑनलाइन दुकानाने त्यात चांगलं काम केलं आहे. तरी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या 2023 च्या पाहणीनुसार अमेरिकेत 2010 पूर्वी आलेल्या गेमपैकी 87 टक्के आज अधिकृतपणे विकतच मिळत नाहीत. जे मिळतात तेही मूळ रूपात असतील असं नाही. 'ग्रँड थेफ्ट ऑटो: सॅन अँड्रियास'मधली काही गाणी परवाने संपल्यामुळे 2014 मध्ये काढून टाकली गेली.

भारतीय ग्राहकाला कायदा बरीच साथ देतो. कॉपीराइट कायद्याचं कलम 52 प्रोग्रॅमची कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला संरक्षणासाठी राखीव प्रत करू देतं, आणि 2012 मध्ये जोडलेलं कलम 65ए कुलूप तोडण्याला गुन्हा ठरवतं ते हक्कभंगाचा हेतू असेल तेव्हाच. पण गेमचा आवश्यक भाग कंपनीच्या सर्व्हरवर असेल, तर राखीव प्रत कशाची करणार? युबिसॉफ्ट कंपनीने 2024 मध्ये 'द क्रू' या गेमचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळणाऱ्यांच्या डिस्कही निकामी झाल्या. ग्राहकांनी ओरड केल्यावर त्याच कंपनीने त्या वर्षी 'द क्रू 2'ला इंटरनेटशिवाय चालणारी सोय देण्याचं जाहीर केलं. पहिल्या गेमच्या खरेदीदारांना ती मिळाली नाही.