नव्या गाडीला पावसाळी टायर : गरज की उधळपट्टी?

जोगेश्वरीत राहणाऱ्या आमच्या परिचयातील एका तरुणाने पावसाळ्याच्या तोंडावर टुरिस्ट परवान्याची नवी गाडी घेतली. चार वर्षे दुसऱ्याची टॅक्सी चालवून साठवलेले पैसे, आईच्या दोन बांगड्या आणि उरलेल्या रकमेचे कर्ज, अशी ती गाडी उभी राहिली. गाडी दारात आली त्याच आठवड्यात टायरच्या एका दुकानदाराने त्याला गाठले. "कंपनीचे टायर पावसात टिकत नाहीत. आताच रुंद टायर टाका, हे आम्ही परत घेतो," असा त्याचा सल्ला. त्यातच जर्मनीत नोकरीला असलेल्या मावसभावाने फोनवर सांगितले, "आम्ही तर दर ऑक्टोबरला टायर बदलतो." चार टायरचा खर्च पंधरा-वीस हजारांच्या घरात जात होता आणि पहिला हप्ताही अजून भरायचा होता. काय करावे हे विचारण्यास तो आमच्याकडे आला. अंधेरी, घाटकोपरपासून बोरिवली, मुलुंडपर्यंत गाडीवर पोट असलेल्या अनेकांचा हाच प्रश्न असल्याने त्याचा खुलासा येथे करीत आहोत.

जर्मनीचा न्याय येथे का लागू नाही?

मावसभावाचे म्हणणे त्याच्या देशापुरते बरोबर आहे. थंडीत रबर कडक होते. साधारणपणे ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरचे रबर रस्ता नीट धरीत नाही. म्हणून हिवाळी टायरमध्ये थंडीतही मऊ राहणारे रबर वापरतात आणि बर्फ पकडण्यासाठी नक्षीत बारीक चिरा ठेवतात. जर्मनीत बर्फ किंवा चिखलबर्फ असताना योग्य टायर लावण्याची सक्ती २०१० पासून स्पष्टपणे लागू झाली. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर डोंगर व हिमकणाचे चिन्ह असलेलेच टायर तेथे हिवाळी म्हणून मान्य होतात.

आता आपल्याकडे पाहा. सांताक्रूझ वेधशाळेत आजवर नोंदलेले सर्वात कमी तापमान ७.४ अंश आहे आणि ते २२ जानेवारी १९६२ चे! म्हणजे उपनगरातील त्या विक्रमी थंडीच्या पहाटेही हिवाळी टायरची गरज पडली नसती. उलट मे महिन्यातील तापलेल्या रस्त्यावर असे मऊ रबर लवकर झिजते आणि ब्रेक मारल्यावर गाडी थांबण्यास अधिक अंतर लागते. आपला शत्रू थंडी नसून पाणी आहे. २६ जुलै २००५ रोजी याच सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता, हे कोणी विसरलेले नाही.

पाण्यावर गाडी का घसरते?

टायरच्या खाचा शोभेसाठी नसतात. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये आलेले पाणी बाहेर फेकणे हे त्यांचे काम. हिशेब करून पाहा. रस्त्यावर ३ मिलिमीटर पाणी आहे, टायर १६५ मिलिमीटर रुंद आहे आणि गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे, तर एकेका पुढच्या टायरला दर सेकंदाला सुमारे ८ लिटर पाणी बाजूला सारावे लागते. म्हणजे जवळजवळ अर्धी बादली! खाचा खोल असतील तर हे काम होते. टायर गोटा झालेला असेल तर पाण्याला वाट मिळत नाही, टायर पाण्यावर चढतो आणि मग स्टिअरिंग व ब्रेक दोन्ही निरुपयोगी ठरतात.

हवेचाही यात मोठा वाटा आहे. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेतील संशोधकांनी १९६० च्या दशकात विमानांच्या टायरवरून एक ढोबळ सूत्र बसवले. त्यानुसार ३३ पौंड हवा असलेला टायर भरपूर पाण्यात ताशी सुमारे ९५ किलोमीटरला तरंगू लागतो, तर २४ पौंड हवेचा टायर ८२ किलोमीटरलाच. रात्रीच्या वेळी पूर्व किंवा पश्चिम द्रुतगती मार्गावर हा वेग गाठणारे कमी नाहीत. हवा तपासण्यास पाच मिनिटे लागतात. ती टायर थंड असताना, दारावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. पाऊस आहे म्हणून हवा कमी ठेवावी, हा समज घातक आहे.

रुंद टायरचा मोह

रुंद टायर पावसात अधिक पकड देतो, असे सांगितले जाते. कोरड्या रस्त्यावर त्यात काही तथ्य असेल, पण साचलेल्या पाण्यात रुंद टायरला अधिक पाणी सारावे लागते आणि इतर गोष्टी सारख्या असतील तर तो लवकर तरंगतो. शिवाय इंधन जास्त लागते, ते वेगळेच. कंपनीच्या मापाबाहेरचे टायर टाकले तर अपघातानंतर विमा कंपनीशी वाद होण्याची शक्यताही राहते. विम्याचे आणखी एक कलम ध्यानात ठेवावे. नेहमीच्या पॉलिसीत खड्ड्यात नुसता टायर फुटला तर भरपाई नाही. गाडीचेही नुकसान झाले असेल तरच टायरच्या किमतीची निम्मी रक्कम मिळते.

मग टायर बदलायचे कधी?

नव्या मोटारीच्या टायरला साधारण ७ ते ८ मिलिमीटर खाच असते. खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी दिसेल. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरले असे समजावे. मोटार वाहन नियमांची ही शेवटची मर्यादा आहे. परंतु मुंबईच्या पावसासाठी ३ मिलिमीटर राहिले की टायर बदलणे शहाणपणाचे.

येथेच टॅक्सीवाल्यांची फसगत होते. घरगुती गाडी वर्षाला दहा-बारा हजार किलोमीटर चालते. टॅक्सी रोज २०० किलोमीटर, महिन्यातून २५ दिवस चालली तर वर्षात ६०,००० किलोमीटर होतात. गाडीचे हप्ते अजून चार वर्षांचे बाकी असतात, घरात तिला 'नवी गाडी' म्हणतात, पण पुढच्या पावसाळ्यात तिचे टायर म्हातारे झालेले असतात. टायरचे वय हप्त्यांवर नव्हे, किलोमीटरवर मोजावे.

म्हणून पहिल्या पावसाळ्यात टायर बदलणे ही उधळपट्टी आहे आणि दुसऱ्या पावसाळ्यात न बदलणे हा जिवाशी खेळ आहे. पहिल्या महिन्यापासून दरमहा १,५०० रुपये टायरसाठी बाजूला काढले तर वर्षाला १८,००० जमतात आणि मे महिन्यात कोणापुढे हात पसरावा लागत नाही.

खरेदी करताना

टायरच्या बाजूवर छापलेले चार अंक पाहा. २३२५ म्हणजे २०२५ सालातील तेविसावा आठवडा. स्वस्त म्हणून जुना पडून राहिलेला माल घेऊ नका. आयएसआय चिन्ह पाहा व पक्के बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुन्या दराने आकारणी होत नाही ना, हे बिलावर तपासा. दोनच टायर घेणे परवडत असेल तर नवे टायर मागे लावा, कारण मागची चाके घसरली की गाडी सावरणे कठीण जाते. नवा टायर पहिले शे-दोनशे किलोमीटर जपून चालवा. स्टेपनीची हवाही विसरू नका.

त्या तरुणाला आम्ही हेच सांगितले. त्याने टायर बदलले नाहीत. दुकानदाराला नकार देऊन त्याने पेट्रोल पंपावर हवा तपासून घेतली आणि त्याच रात्री घरी टायरच्या नावाने एक डबा ठेवला. पावसाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचे तेल व धूळ मिसळून रस्ता सर्वात निसरडा होतो. त्या दिवशी वेग कमी ठेव, एवढेच त्याच्या आईने त्याला वेगळे बजावले. तिचा सल्ला आमच्या साऱ्या हिशेबाइतकाच मोलाचा आहे.