फिरत्या दाराची शाळा

शांता शेळके यांनी ‘लिटल विमेन’ मराठीत ‘चौघीजणी’ म्हणून आणलं आणि मराठी घरांतल्या कित्येक मुलींनी मेग, ज्यो, बेथ, एमी यांना आपल्या आतेमामेबहिणींत जमा करून टाकलं. या पुस्तकात खाण्यापिण्याची चंगळ आहे, आणि फजितीही. नाताळच्या सकाळी चौघी आपली गरमागरम धिरडी उचलून शेजारच्या गरीब कुटुंबाला नेऊन देतात. एमी शाळेत खारवलेली लिंबं नेते आणि मास्तरांची छडी खाते. ज्यो मोठ्या तोऱ्यात जेवणाचा घाट घालते आणि स्ट्रॉबेरीवर साखरेऐवजी मीठ भुरभुरवते. आपण हे वाचतो, हसतो, पान उलटतो. ग्रेचेन अँडरसन ही अमेरिकेतली प्राथमिक शाळेतली मुलगी मात्र तिथेच अडली. हे पदार्थ तेव्हा करत कसे?

लुइझा मे अल्कॉटची पुस्तकं तिनं पुन्हा चाळली आणि त्यांत जिथे जिथे खाण्याचं नाव येतं तिथे खूण केली. मग एकोणिसाव्या शतकातल्या पाककृतींचा शोध सुरू झाला. सापडलेली कृती करून बघायची, आज न मिळणाऱ्या जिनसांऐवजी काय चालेल ते ठरवायचं, बिघडलं तर पुन्हा करायचं. शेवटी कादंबऱ्यांतले प्रसंग आणि त्यांतले पदार्थ एकत्र गुंफून तिनं एक पुस्तक रचलं. ‘द लुइझा मे अल्कॉट कुकबुक’ हे ते पुस्तक १९८५ मध्ये लिटल, ब्राउन या नामांकित प्रकाशनसंस्थेनं काढलं. अल्कॉटच्या मूळ प्रकाशकाचा व्यवसाय याच संस्थेनं १८९८ मध्ये विकत घेतला होता, म्हणजे ‘चौघीजणीं’चं घर हेच. या संस्थेनं एखाद्या लहान मुलीशी लेखिका म्हणून करार करण्याची ही पहिलीच वेळ.

ही गोष्ट मी एका हुशार मुलीचं कौतुक म्हणून सांगत नाही. हुशार मुली आपल्या गल्लीतही ढिगानं आहेत. शाळेच्या वेळापत्रकात या उद्योगाला जागा कुठून मिळाली, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ती जागा ज्या पद्धतीमुळे मिळू शकते तिचे कर्ते जोसेफ रेंझुली आणि सॅली रीस. ग्रेचेनचं उदाहरण या दोघांनी आपल्या लेखनात दिलं आहे. पद्धतीचं माहेर कनेक्टिकट विद्यापीठ, गाव स्टॉर्स.

रेंझुली मुळात न्यू जर्सीतले गणित-विज्ञानाचे शिक्षक. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियानं स्पुटनिक आकाशात सोडला आणि अमेरिकेची झोप उडाली. जेमतेम ५८ सेंटीमीटर व्यासाचा तो गोळा, पण पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेनं राष्ट्रीय संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा केला आणि गणित, विज्ञान व परकीय भाषांसाठी पैशाची थैली सोडली. हुशार मुलं शोधा, असा हुकूम सुटला. शोधायची कशी, याचं उत्तर तेव्हा तयार होतं: बुद्ध्यंक मोजा आणि वरची तीन ते पाच टक्के मुलं वेगळी काढा.

या उत्तरामागे स्टॅनफर्डच्या लुइस टर्मन यांचं वजन होतं. त्यांनी १९२१ पासून कॅलिफोर्नियातली दीड हजारावर उच्च बुद्ध्यंकाची मुलं निवडली आणि त्यांच्या आयुष्याचा माग ठेवला. मुलं पुढे चांगली शिकली, चांगल्या हुद्द्यांवर गेली. पण चाचणी घेऊन ज्यांना ‘पुरेसे हुशार नाहीत’ म्हणून वगळलं, त्यांत विल्यम शॉकली आणि लुइस अल्वारेझ ही दोन मुलं होती. शॉकली यांना १९५६ चं आणि अल्वारेझ यांना १९६८ चं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं. निवडलेल्यांपैकी एकालाही नोबेल मिळालं नाही. चाळणीतून नेमके मोतीच खाली पडले.

रेंझुलींनी १९७८ मध्ये एका शिक्षणविषयक नियतकालिकात छोटा लेख लिहिला. जगात ज्यांनी खरंच काही नवं निर्माण केलं त्यांच्याकडे बघितलं तर काय दिसतं, हा त्यांचा सवाल. बुद्धी सरासरीपेक्षा वरची हवी, पण अफाट हवी असं नाही. सोबत नवं सुचण्याची ताकद हवी. आणि तिसरी, आपल्याकडे जिला चिकाटी म्हणतात ती, हातातल्या कामात स्वतःला गाडून घेण्याची वृत्ती. तीन वर्तुळं एकमेकांत अडकवलेली त्यांची आकृती पुढे जगभरच्या शिक्षक-प्रशिक्षणात गिरवली गेली. तीनही वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे प्रज्ञा. तीही कायमची अंगाला चिकटलेली नाही, काही मुलांत, काही वेळा, काही परिस्थितीत ती दिसते. म्हणून रेंझुली ‘प्रज्ञावंत मूल’ म्हणायचं टाळतात आणि प्रज्ञावंत वागण्याबद्दल बोलतात. विशेषण मुलाकडून काढून कामाला लावलं, एवढंच त्यांनी केलं. पण शाळेचा अख्खा कारभार या एका बदलानं हलतो.

‘समृद्धी त्रिक’ नावाचा त्यांचा आराखडा त्याआधीच, १९७७ मध्ये, आला होता. त्यात तीन प्रकारचे उपक्रम आहेत. पहिल्यात मुलांपुढे नाना गोष्टी नुसत्या मांडायच्या: कोणी पाहुणा येईल, कुठे सहल जाईल, जुना कॅमेरा उघडून दाखवला जाईल. दुसऱ्यात हत्यारं द्यायची: मुलाखत कशी घ्यावी, नोंदी कशा ठेवाव्यात, तक्ता कसा करावा, शंका कशी विचारावी. तिसऱ्यात एखादं मूल किंवा दोनचार मुलांचा गट एका खऱ्या प्रश्नाच्या मागे लागतो. खरा प्रश्न कोणता, याच्या अटी कडक आहेत. तो मुलाच्या जिव्हाळ्याचा हवा. त्याचं उत्तर मागच्या पानावर छापलेलं नसावं. आणि जे तयार होईल ते बाईंच्या टेबलावर न थांबता ज्यांना त्याची गरज आहे अशा खऱ्या लोकांपर्यंत जावं. ग्रेचेनचं काम या तिसऱ्या प्रकारातलं.

आपल्याकडच्या शाळेत हे कसं दिसेल ते बघू. शाळेतला नळ गळतो. पाचवीतलं एक मूल म्हणतं, किती पाणी जात असेल? पुस्तकात असतं की साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या आसपास. गुणाकार बरोबर, वहीत लाल बरोबर, विषय संपला. पण ते मूल खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं पाच मिलिलिटरचं झाकण घेऊन नळाखाली बसलं तर? झाकण शंभर थेंबांनी भरायला हवं, ते विसाव्या थेंबालाच काठोकाठ होतं. कारण पुस्तकातला थेंब ड्रॉपरचा आहे, नळाच्या तोंडाशी लोंबणारा थेंब त्याच्या चारपाच पट मोठा. हिशेब सव्वाचारवरून एकदम साडेएकवीस लिटरवर जातो. इथवर दुसरा प्रकार झाला. आता हे मूल शाळेतले सगळे नळ मोजून तक्ता करतं, मुख्याध्यापकांना आणि नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहितं, प्लंबरकाकांना वॉशरची किंमत विचारून पत्रात घालतं, तेव्हा तिसरा प्रकार सुरू होतो. पत्राला उत्तर येईलच असं नाही. पण पत्र गुणांसाठी लिहिलेलं नाही आणि हे त्या मुलाला पक्कं ठाऊक आहे.

‘आमच्या शाळेत प्रकल्प होतातच की,’ असं कुणीही म्हणेल. होतात. विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या रात्री बाबा थर्माकोल कापत असतात, आई चकाकता कागद चिकटवत असते आणि ज्याचा प्रकल्प तो केव्हाच झोपलेला असतो. ज्वालामुखीत खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. उत्तर आधीच माहीत. बघणारा कोण, तर गुण देणारे परीक्षक. रेंझुलींच्या तिन्ही अटी इथे एकदमच मोडतात.

तरीही माझ्या मते रेंझुली आणि रीस यांचं खरं कौशल्य प्रकल्पात नाही. ते आहे प्रकल्पाला वेळ काढून देण्यात. वर्गात ज्याचं गणित सगळ्यांआधी होतं त्याला आपण काय सांगतो? ‘झालं? मग पुढची दहा सोडव.’ किंवा ‘मागच्या बाकावरच्यांच्या वह्या तपास.’ किंवा सरळ, हाताची घडी, तोंडावर बोट. लवकर काम केल्याची ही शिक्षाच. चतुर मूल दोन महिन्यांत धडा घेतं आणि सावकाश काम करायला लागतं.

रेंझुलींकडे यावर एक साधा कागद आहे, तीन रकान्यांचा. धडा सुरू होण्याआधी चाचणी घ्यायची. पहिल्या रकान्यात या मुलाला यातलं काय आधीच येतं आणि त्याचा पुरावा काय. दुसऱ्यात काय राहिलंय आणि ते पटकन कसं उरकायचं. तिसऱ्यात वाचलेल्या वेळात ते मूल काय करणार. बस, एवढंच. प्रज्ञावंत शिक्षणावरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र १९९० मध्ये सुरू झालं, कनेक्टिकट विद्यापीठाकडे त्याची सूत्रं होती. रीस आणि सहकाऱ्यांनी तिथे चारशेहून अधिक शिक्षकांना हा कागद वापरायला देऊन बघितला. दुसरी ते सहावीतल्या तल्लख मुलांचा एखाद्या विषयातला ४० ते ५० टक्के भाग शिक्षकांनी गाळला. परीक्षेत मुलं मागे पडली नाहीत. ही मुलं अर्धा वेळ जे येतं तेच पुन्हा शिकत होती, हे १९९३ मध्ये कागदोपत्री सिद्ध झालं. अवघड ठरला तो तिसरा रकाना. गाळणं शिक्षकांना जमलं. त्या जागी तोलामोलाचं काम देताना मात्र त्यांना मदत लागली.

आणि मग ते दार. १९८१ मध्ये रेंझुली, रीस आणि लिंडा स्मिथ यांनी निवडीची जी पद्धत मांडली तिचं नावच ‘फिरतं दार’. वरची तीन टक्के न घेता पंधरा-वीस टक्के मुलांचा मोठा गट धरायचा. पहिल्या दोन प्रकारचे उपक्रम सगळ्यांना. त्यातून ज्याला काही सुचलं आणि ज्याची ते तडीस न्यायची तयारी दिसली, तो दारातून आत येतो, शिक्षकाबरोबर आपलं काम करतो आणि काम संपलं की बाहेर जातो. बाहेर जाणं म्हणजे नापास होणं नव्हे. पुन्हा काही सुचलं तर दार उघडंच आहे.

आपल्या मनाला हे झेपत नाही. आपली गुणवत्ता यादीत असते, यादी वर्तमानपत्रात असते आणि एकदा यादीत आलेलं मूल जन्मभर ‘स्कॉलर’. शिष्यवृत्ती परीक्षा मध्यंतरी चौथी-सातवीची पाचवी-आठवीला गेली, क्लासवाल्यांनी फलक बदलले, बाकी काही हललं नाही. अमेरिकेलाही हे सहजी झेपलं नाही, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्क शहरानं कितीतरी वर्षं बालवाडीच्या खास वर्गांसाठी चार वर्षांच्या पोरांची परीक्षा घेतली, पालकांनी त्यासाठी शिकवण्या लावल्या. ती परीक्षा बंद व्हायला २०२१ उजाडलं.

महाराष्ट्रात या विषयाचा विचार रेंझुलींच्याही आधी सुरू झाला होता. अप्पा पेंडसे यांनी पुण्यात १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी स्थापली. सुरुवातीला निवडक मुलांसाठी शाळेबाहेरचे वर्ग, १९६९ पासून स्वतःची शाळा, पाचवीपासून. त्यांच्या मानसशास्त्र विभागानं, म्हणजे प्रज्ञा मानस संशोधिकेनं, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गिलफर्ड यांचा आधार घेतला. गिलफर्ड बुद्धीला एक आकडा मानत नसत. पाच क्रिया, चार आशय, सहा फलितं यांचा गुणाकार करून त्यांनी १२० क्षमतांचा ठोकळा मांडला होता. म्हणजे बुद्ध्यंकाच्या एकाच आकड्यावर पुण्यातही अविश्वास होताच. फरक पडतो तो दाराशी. प्रबोधिनीत प्रवेशपरीक्षा एकदा होते आणि मग मूल वर्षानुवर्षं आत राहतं. पण बुद्धी समाजाच्या कामी यावी, हा प्रबोधिनीचा आग्रह आणि काम खऱ्या लोकांपर्यंत जावं, ही रेंझुलींची अट, यांत मला जवळचं नातं दिसतं. मुंबईच्या विज्ञान अध्यापकांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही सहावीच्या मुलांना कृती-संशोधन प्रकल्प करावा लागतो. चाल तीच, फक्त तिथे दाराशी पदकं टांगलेली आहेत.

रेंझुलींवरचे आक्षेप दुबळे नाहीत. चिकाटी ही प्रज्ञेची अट केली तर कंटाळून वर्गात खिडकीबाहेर बघत बसलेलं हुशार मूल बाहेरच राहतं, आणि अशा मुलालाच या दाराची गरज जास्त. रेंझुली म्हणतात, त्यासाठीच तर पहिल्या दोन प्रकारचे उपक्रम सगळ्यांना. चिकाटी सोबत आणायची नसते, ती कामात लागते. मला हे निम्मंच पटतं. दुसरा आक्षेप ज्युलियन स्टॅन्ली यांच्या गोटातला. त्यांनी १९७१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गणितात तेज मुलांचा अभ्यास सुरू केला. बाराव्या वर्षी ज्याला कॉलेजचं गणित येतं त्याला शोभेचे प्रकल्प देऊन वेळ घालवू नका, वरच्या वर्गात बसवा, हा त्यांचा रोकडा सल्ला. गणितापुरता तो मला रेंझुलींपेक्षा बरा वाटतो. पाककृतींच्या शोधात निघालेल्या मुलीला मात्र कितव्या वर्गात बसवणार?

तिसऱ्या रकान्यात काय भरायचं हे शिक्षकाला सुचायचं तर त्यानं स्वतः कधी तरी असं काही केलेलं असावं लागतं. स्टॉर्सला १९७८ पासून उन्हाळ्यात भरणारं शिक्षकांचं संमेलन याचसाठी. ‘कॉन्फ्रन्स’, ‘इन्स्टिट्यूट’ आणि दोहोंमध्ये ‘फ्रॅटर्निटी’ असं कडबोळं करून त्याचं नाव ‘कॉन्फ्राट्यूट’ ठेवलंय. देशोदेशीचे शिक्षक तिथे जमतात आणि चाळिशी-पन्नाशीत पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसतात. आपल्याकडे शिक्षकांची प्रशिक्षणं वर्षभर चालूच असतात. त्यांत शिक्षकाला स्वतःचा एखादा प्रश्न घेऊन यायला सांगितलं जात नाही. हजेरीपटावर सही, चहा, पुस्तिका आणि संध्याकाळी प्रमाणपत्र.